हिस्सा तेवढाच, वारस आठ: झेडव्हीएममध्ये सीपीयूची पाळी कशी लागते

जावा मागितलं आणि मेनफ्रेम (आयबीएमचं अवाढव्य मशीन) पदरात पडलं, अशी पोरं दरवर्षी नांदेड, लातूर, परभणीहून बॅगा घेऊन पुण्याला उतरतात. मीही तसाच उतरलो होतो. झेड-ओएस, म्हणजे मेनफ्रेमची नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या टीममध्ये गेलात तर शिकवायला चार सीनियर तरी असतात. झेडव्हीएम, म्हणजे एकाच मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी-शेजारी चालवणारं सॉफ्टवेअर, वाट्याला आलं तर बहुधा एकच असतो आणि तोही कायम कॉलवर. हा लेख त्या दुसऱ्या पोरांसाठी. समजा एका मेनफ्रेमवर चालणारे वीस-पंचवीस लिनक्स ‘गेस्ट’, म्हणजे झेडव्हीएमच्या आत चालणाऱ्या स्वतंत्र लिनक्स, तुमच्या गळ्यात घातलेत, त्यातला एक रडतोय, आणि तुम्हाला शोधायचंय की त्याला सीपीयू मिळत नाही, की मिळतोय पण तो दुसऱ्याच कशासाठी अडलाय.

हे सगळं मला कळलं ते आमच्या विहिरीमुळं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. विहीर सामाईक, चौघा भावांची. सोळा आण्यांतले चार-चार आणे प्रत्येकाचे. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास, म्हणून प्रत्येकाला दोन तासांची पाळी. एखाद्याचं रान पडीक असलं की त्याची पाळी बाकीचे वापरतात आणि कुणी ब्र काढत नाही. पावसाळ्यात, दिवाळीत आणे कुणाच्या ध्यानातही नसतात. एप्रिलात पाणी तळाला गेलं की मग सातबारा निघतो. झेडव्हीएममधला ‘शेअर’ असाच आहे. सगळ्यांना पुरून उरत असेल तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ नाही. ओढाताण सुरू झाली की तोच आकडा बोलतो.

पायरी १: आपण कितव्या मजल्यावर आहोत?

रडणाऱ्या लिनक्समध्ये लॉगिन करा आणि प्रोक फोल्डरमधली सिसइन्फो ही फाइल कॅट करा. वर मशीनचा प्रकार आणि मॉडेल दिसेल. त्याखाली एलपारचं, म्हणजे हार्डवेअरनं मशीनचे जे भाग पाडलेत त्यातल्या तुमच्या भागाचं, नाव आणि त्याचे सीपीयू. त्याखाली ‘व्हीएम००’नं सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे झेडव्हीएमनं या गेस्टला काय दिलंय त्याची नोंद. या शेवटच्या ओळी नसतील तर तुमचं लिनक्स थेट एलपारमध्ये चालतंय. पायरी २ वाचा आणि बाकीचं सोडून द्या.

ओळी असतील तर सीपीयूची वाटणी दोनदा होते हे डोक्यात पक्कं करा. आधी मशीनचं हार्डवेअर एलपारांना वाटतं, मग झेडव्हीएम आपल्या वाट्याला आलेलं गेस्टना वाटतं. गंमत अशी की दुसरी वाटणी पहिलीपेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या केंद्रात सीपी-४० नावाची प्रणाली १९६७ मध्ये चालू झाली, तिच्यामागून सीपी-६७ आली आणि २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर झालं. आजचं झेडव्हीएम त्याच घराण्यातलं. एलपार देणारं पीआर-एसएम मात्र १९८८ मध्ये, ३०९० मशीनवर आलं.

पायरी २: वरून किती सुटतंय ते विचारा

पैठणहून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर जातो. शेवटच्या चारीवरचा शेतकरी आपला पाट कितीही साफ करो, नाथसागरातून आवर्तन सुटलं नाही तर त्याच्या वाफ्यात काही येत नाही. नवी पोरं नेमकं हेच विसरतात. गेस्टचे आकडे दिवसभर चाळतात आणि एलपारला वरून किती मिळतंय ते विचारतच नाहीत.

पीआर-एसएम प्रत्येक एलपारला ‘वेट’, म्हणजे वाटणीचा आकडा, देतं. मशीनमध्ये लिनक्ससाठी राखलेले, म्हणजे आयएफएल प्रकारचे, १० सामाईक प्रोसेसर आहेत आणि तीन एलपारांचे वेट ६००, ३०० आणि १०० आहेत, असं धरा. बेरीज १०००. तेव्हा हक्क होतो ६, ३ आणि १ प्रोसेसरचा. आता १०० वेटच्या एलपारला कुणीतरी हौसेनं ४ लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एलपारला आपले म्हणून दिसणारे प्रोसेसर, लावून ठेवलेत. बाकीचे दोघं गप्प असतील तोवर हा चारही वापरेल आणि सगळे खूश. महिनाअखेरीला बाकीचे जागे झाले की चौघांत मिळून एकाच प्रोसेसरचा वेळ येतो. आत बसलेल्या झेडव्हीएमला प्रोसेसर चारच दिसतात, फक्त ते अधूनमधून ‘थांबतात’. पीआर-एसएम साधारण १२.५ ते २५ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाळी देतं, म्हणून हे थांबणं आत जाणवतं.

झेडव्हीएम ६.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, हायपरडिस्पॅच आलं. त्यात लॉजिकल प्रोसेसरचे तीन दर्जे होतात. ‘व्हर्टिकल हाय’ म्हणजे जवळजवळ स्वतःचाच प्रोसेसर, ‘मीडियम’ म्हणजे हक्काचा उरलेला तुकडा, आणि ‘लो’ म्हणजे हक्काबाहेरचं, असलं तर मिळेल. वरून जादा मिळत नसेल तर झेडव्हीएम ‘लो’वाले प्रोसेसर बाजूला ‘पार्क’ करून ठेवतं आणि काम थोड्या प्रोसेसरवर गोळा करतं, म्हणजे कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) तापलेली, कामाच्या डेटानं भरलेली राहते. पार्क झालेला प्रोसेसर दिसला की मशीन बिघडलं म्हणून तिकीट टाकू नका. मी टाकलं होतं.

तुमचं काम इतकंच: हार्डवेअर कन्सोल सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. आमच्या एलपारचं वेट किती आणि बेरीज किती, लॉजिकल प्रोसेसर किती, आणि कॅपिंग आहे का. कॅपिंग असेल तर शेजारचं रान पडीक असलं तरी तुमच्या वाट्याच्या वर थेंब मिळत नाही. उत्तरं वहीत लिहा. परफॉर्मन्स टूलकिट, म्हणजे झेडव्हीएमचं मोजमापाचं टूल, असेल तर एफसीएक्स१२६ या स्क्रीनवर हेच दिसतं.

पायरी ३: रांगा समजून घ्या

झेडव्हीएमचा गाभा म्हणजे सीपी, कंट्रोल प्रोग्राम. तो गेस्टना याद्यांमध्ये ठेवतो. काम नसलेले ‘डॉर्मंट’ यादीत. प्रोसेसर मागणारे ‘डिस्पॅच’ यादीत. आणि मशीनवर, विशेषतः मेमरीवर, ताण आहे म्हणून आत न घेता दाराशी बसवलेले ‘एलिजिबल’ यादीत. तिसरी यादी पारंपरिक मांडणीतली आहे आणि तिच्यात कुणी दिसलं तर बहुतेक वेळा भानगड सीपीयूची नसून मेमरीची असते.

काम संपलं की गेस्टला लगेच डॉर्मंट करत नाहीत. ३०० मिलिसेकंद थांबून बघतात, हा पुन्हा उठतोय का. याला ‘टेस्ट आयडल’ म्हणतात. लिनक्स पहिल्यांदा मेनफ्रेमवर आलं तेव्हा याच ३०० मिलिसेकंदांनी घोळ घातला होता. त्या वेळचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, घड्याळाच्या टिकटिकीला उठायचं. काम असो नसो. झोपेचे सलग ३०० मिलिसेकंद कधी भरायचेच नाहीत, आणि रिकामं लिनक्ससुद्धा सीपीच्या लेखी कायम कामात असायचं. शेकडो गेस्ट असले की नुसतं उठण्या-बसण्यातच प्रोसेसर जायचा. पुढं गरजेपुरता टायमर आला आणि हा त्रास मिटला. आता त्याच जागी दर १०० मिलिसेकंदांनी डोकावणारे मॉनिटरिंग एजंट आलेत. गेस्ट निवांत असूनही डॉर्मंट होत नसेल तर आधी एजंट बघा.

डिस्पॅच यादीत पुढं कोण, हे ‘डेडलाइन’वर ठरतं. सीपी गेस्टच्या प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूला, म्हणजे गेस्टला आपला म्हणून दिसणाऱ्या सीपीयूला, वेळेचा एक छोटा काप देतो. ‘क्वेरी एसआरएम’ ही कमांड दिलीत तर ‘डिस्पॅचिंग मायनर टाइमस्लाइस’च्या ओळीत ५ मिलिसेकंद असं सहसा दिसेल. तो काप संपला की पुढची डेडलाइन काढली जाते, आणि शेअर जितका मोठा तितकी डेडलाइन जवळची. जवळची डेडलाइनवाला रांगेत पुढं. म्हणजे मोठ्या शेअरवाल्याला सलग जास्त वेळ मिळतो असं नाही, त्याची पाळी लवकर-लवकर येते.

पायरी ४: कागदावर वाटणी करा

शेअर दोन प्रकारचे. ‘रिलेटिव्ह’ म्हणजे आण्यांसारखा, १ ते १०००० पर्यंतचा आकडा, काही न सांगितल्यास १००. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे सरळ टक्के. सीपी आधी अ‍ॅब्सोल्यूटवाल्यांचं बाजूला काढतो आणि उरलेलं रिलेटिव्हवाल्यांत वाटतो.

४ आयएफएलच्या एलपारमध्ये चार गेस्ट आहेत. डेटाबेसला अ‍ॅब्सोल्यूट २०%. अ‍ॅप सर्व्हरला रिलेटिव्ह २००. वेब आणि टेस्ट यांना रिलेटिव्ह १००-१००. चौघंही भुकेले असतील तर डेटाबेसचे २० टक्के गेले, उरले ८०. रिलेटिव्हची बेरीज ४००. अ‍ॅपला त्यातलं अर्धं, म्हणजे ४० टक्के. वेबला २०, टेस्टला २०. हे टक्के चार प्रोसेसरांचे, म्हणजे अ‍ॅपला १.६ प्रोसेसर, बाकी तिघांना ०.८ प्रत्येकी.

आता रात्री टेस्ट झोपला. तो डॉर्मंट झाला की हिशोबातून बाहेर. बेरीज ३००. अ‍ॅपला ८० चे दोन तृतीयांश, म्हणजे ५३ टक्क्यांच्या वर, प्रोसेसरमध्ये २.१३. पण अ‍ॅपला व्हर्च्युअल सीपीयू एकच दिलेला असेल तर? तो एकाच वेळी एकाच प्रोसेसरवर चालू शकतो. हक्क २.१३ चा, तोंड एकच. उरलेलं दुसऱ्यांकडे जातं, आणि ते कसं वाटायचं ही पद्धत झेडव्हीएम ६.४ मध्ये सुधारली. जुन्या आवृत्तीवर कुणी सांगितलेले अनुभव म्हणून जरा जपून ऐका.

ही वाटणी स्वतःच्या गेस्टांची नावं घालून एकदा हातानं करा. ‘क्वेरी शेअर’ आणि पुढं गेस्टचं नाव दिलं की आकडे मिळतात. अर्धा तास लागेल.

पायरी ५: वारस वाढवू नका

हा भाग नीट वाचा, कारण लेख मी यासाठीच लिहायला घेतलाय.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्री अकराचा सुमार, एका ग्राहकाचा डेटाबेस गेस्ट हळू. शेअर रिलेटिव्ह १००, व्हर्च्युअल सीपीयू २. लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये दोन्ही सीपीयू भरलेले. माझ्या डोक्यात लॅपटॉपचं गणित: कोअर वाढवा, वेग वाढेल. दोनाचे आठ केले. एलपारमध्ये आयएफएल होते चार, हेही बघितलं नाही. गेस्ट आधी हळू होता, आता अडखळायला लागला. दहा टक्क्यांच्या आसपास असलेला स्टील, म्हणजे पाळीची वाट बघण्यात गेलेला वेळ, तिशीच्या पुढं गेला. कॉलवर बसलेले सीनियर काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “शेअर वाढवलास का?” मी म्हणालो, “नाही सर, सीपीयू वाढवले.” “मग वाढवलंस काय?”

गेस्टचा शेअर त्याच्या चालू व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये वाटला जातो. १०० चा शेअर, २ सीपीयू, म्हणजे प्रत्येकी ५०. ८ केले की प्रत्येकी साडेबारा. चार आणे हिस्सा दोन पोरांत वाटला तर दोन-दोन आणे. आठ वारस लागले तर अर्धा-अर्धा आणा. विहिरीला आलेलं पाणी काडीचं वाढलेलं नसतं. उलट पाळी पंधरा मिनिटांवर येते, आणि आमच्याकडं ज्यानं दारं धरलीत त्याला विचारा, पंधरा मिनिटांत पाणी पाटातच मुरतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, भावकीच्या बैठकीत हेच एका वाक्यात सांगितलं होतं: “नावं लावून काय करता रे, झरा एकच हाय.”

पाटात मुरणारं पाणी इथं कोणतं, तेही बघा. आठांतला एक सीपीयू कुलूप घेऊन बसलाय, म्हणजे स्पिनलॉक त्याच्याकडं आहे, आणि नेमका त्याचीच पाळी संपलीय. बाकीचे सात पाळी मिळूनही त्या कुलपाची वाट बघत गरागरा फिरतात. लिनक्स अशा वेळी ‘डायग्नोस ९सी’नं सीपीला सांगतं की माझी पाळी त्याला द्या, म्हणून नुकसान थोडं कमी होतं. पण हे सांगणंही फुकट नाही.

त्या रात्री उपाय असा झाला. लिनक्समधून ‘सीएचसीपीयू’ वापरून पाच सीपीयू ऑफलाइन केले. थांबलेल्या सीपीयूला शेअर जात नाही, म्हणून गेस्ट रीबूट न करता वारस तीनवर आले. मग शेअर १०० चा ३०० केला. प्रत्येक सीपीयूला १०० आले आणि गाडी रुळावर आली. हे करण्याआधी सीनियरनी दुसऱ्या दोन गेस्टच्या मालकांना फोन लावला, कारण एकाचा हिस्सा वाढला की बाकीच्यांचा त्याच क्षणी घटतो.

व्हर्च्युअल सीपीयू एलपारच्या लॉजिकल प्रोसेसरपेक्षा कधीच जास्त देऊ नका. गेस्ट खरोखर एकावेळी जितके वापरतो तितकेच द्या, आणि सीपीयू वाढवाल तेव्हा शेअरचं काय करायचं तेही त्याच तिकिटात लिहा.

पायरी ६: कुठं बघायचं

लिनक्समध्ये टॉप उघडलं की सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ दिसतं. हाच स्टील: मला चालायचं होतं पण मला चालवलं नाही, तो वेळ. त्यात रांगेतला वेळ येतोच, शिवाय सीपीनं या गेस्टच्या वतीनं केलेलं कामही येतं. म्हणून दोन-चार टक्के स्टील दिसला की घाबरायचं नाही. आकडा वाढतोय का आणि त्याच वेळी अ‍ॅप्लिकेशन हळू होतंय का, ही जोडी बघायची.

व्हीएमसीपी हे टूल असेल तर लिनक्समधूनच सीपीला कमांड देता येते. ‘इंडिकेट यूजर’ दिलं की व्हीटाइम आणि टीटाइम असे दोन वेळ दिसतात. पहिला गेस्टनं स्वतः वापरलेला, दुसरा सीपीच्या कामासकट. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. उत्तर १ च्या जवळ असेल तर सीपी फारसा आड येत नाहीये. दीड-दोनकडे गेलं तर गेस्ट सीपीला सारखं काहीतरी करायला लावतोय, आणि शेअर वाढवून ते सुटणार नाही.

‘इंडिकेट लोड’मध्ये पहिली ओळ सरासरी प्रोसेसर वापराची, पुढं क्यू० ते क्यू३ (डिस्पॅच यादीतले), ई१ ते ई३ (एलिजिबल यादीतले) आणि डॉर्मंट यांची संख्या. ‘ई’ च्या खाली शून्य सोडून काही दिसलं तर मेमरीकडे वळा. ‘लिमिटेड’ समोर आकडा असेल तर कुणीतरी आपल्या मर्यादेला धडकलाय. टूलकिटचा एफसीएक्स११४ स्क्रीन प्रत्येक गेस्ट कशासाठी थांबलाय याची टक्केवारी देतो: सीपीयूसाठी, मर्यादेमुळे, की पेजिंगसाठी, म्हणजे डिस्कवर गेलेली मेमरी परत यायची वाट बघत. मला एकच स्क्रीन ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवेन.

पायरी ७: बदल करताना

‘सेट शेअर’, गेस्टचं नाव, ‘रिलेटिव्ह ३००’ असं दिलं की बदल त्याच क्षणी लागू होतो, पण गेस्ट लॉगऑफ झाला की पुसला जातो. कायमचा हवा तर यूजर डिरेक्टरीत, म्हणजे प्रत्येक गेस्टची कायमची नोंद असते तिथं, शेअरची ओळ बदलावी लागते. सोमवारी ठीक केलेला गेस्ट महिन्यानं पुन्हा का रडतो, याचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं.

मर्यादा दोन प्रकारच्या. ‘लिमिटसॉफ्ट’ म्हणजे मर्यादेच्या वरचं फक्त दुसऱ्या कुणाला नको असेल तेव्हाच. ‘लिमिटहार्ड’ म्हणजे विहीर तुडुंब असली तरी तुझा स्टार्टर बंद. हार्ड लिमिट मी पळत सुटणाऱ्या टेस्ट गेस्टलाच लावतो. प्रॉडक्शनला लावलेली दिसली तर कुणी आणि का लावली हे विचारा.

‘क्विकडिस्प’ या गेस्टला लावायच्या सेटिंगबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे. नाव ऐकून वाटतं गेस्ट पळेल. ते फक्त एलिजिबल यादीत न अडकवता गेस्टला सरळ आत घेतं. हिस्सा एका आण्यानंही वाढत नाही. आणि सगळ्यांनाच लावलं तर कुणालाच लावल्यासारखं नाही.

अजून एक, हळू आवाजात. ‘सेट शेअर’ला क्लास ए चा अधिकार लागतो, आणि त्याच क्लासमध्ये सीपीची ‘शटडाउन’ कमांडही येते. ती एक गेस्ट बंद करत नाही, सगळं झेडव्हीएम बंद करते. हा अधिकार लिनक्स गेस्टच्या नावावर मागू नका, दिला तरी घेऊ नका.

घरी सराव

कंपनीच्या मशीनवर हात साफ करायची सोय नसते. साध्या लॅपटॉपवर हर्क्युलस हा एम्युलेटर चालतो आणि त्यावर व्हीएम/३७० ची कम्युनिटी एडिशन. शेअरची आजची मांडणी त्यात नाही. तिथं प्रायॉरिटी आहे, आणि एखाद्या यूजरला ठराविक टक्के राखून देणारं ‘सेट फेवर्ड’ आहे. पण ‘इंडिकेट लोड’ आहे, क्यू१ आणि क्यू२ आहेत, आणि दोन यूजर उघडून दोन्हींत न संपणारी लूप लावली की पाळी डोळ्यांसमोर पडते. एकाला ७० टक्के फेवर्ड द्या, दोन्हीकडं ‘इंडिकेट यूजर’ देऊन व्हीटाइम लिहा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लिहा. मग दुसऱ्याची लूप थांबवून तेच करा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी मांडा आणि पायरी ४ चा कागद पुन्हा काढा.